पंख आपलेच हवेत

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथून, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधलेल्या ‘तेजस मार्क-१ए’ने झेप घेतली. महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेले हे विमान पाहून प्रत्येकाचा ऊर अभिमानाने भरून आला असेल. मात्र ओझरला विमाने बांधणे नवे नाही. मिग आणि सुखोई तेथे पूर्वीच बांधली गेली. त्यांचे पंख रशियात आखलेले होते. तेजसचा पंख, आरंभी फ्रेंच सल्ला घेतला असला तरी, आपल्या अभियंत्यांनी आखला आणि सिद्ध केला. विमान बांधणे ही एक विद्या आहे, पंख आखणे ही दुसरी. या दुसऱ्या विद्येचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही.

पंख आडवा कापला तर जो छेद दिसतो, त्याला एअरफॉइल म्हणतात. पुढची कड गोलसर, मागची धारदार, वरचा पृष्ठभाग बहुधा किंचित फुगीर. हा पंख हवेला खाली वळवतो. त्याच्या वर दाब कमी आणि खाली अधिक होतो, आणि विमान उचलले जाते. पंखाचा कोन वाढवला की उचलही वाढते. पण साधारण पंधरा अंशांच्या आसपास वरचा प्रवाह पृष्ठभाग सोडतो आणि उचल एकाएकी ढासळते. जाड, बाकदार पंख कमी वेगातही भार पेलतो, पण स्वनातीत वेगात त्याला हवेचा रोध फार होतो. पातळ पंख वेगाला अनुकूल, पण उतरताना अवघड. म्हणून सर्व कामांना पुरेल असा एकच आदर्श पंख नाही. आपले प्रयोजन ओळखून प्रत्येक वेळी नवा मेळ साधावा लागतो.

हा मेळ केवळ प्रतिभेने साधत नाही. राइट बंधूंचे १९०१ सालचे ग्लायडर अपेक्षेइतके उचलले गेले नाही, तेव्हा त्यांनी प्रचलित कोष्टकांवर विसंबणे सोडले. सायकलच्या दुकानात सहा फूट लांबीची लाकडी पेटी, म्हणजे छोटासा वातबोगदा, उभारून सुमारे दोनशे आकार तपासले. १९०३ चे उड्डाण या तपश्चर्येचे फळ होते. पुढे अमेरिकेच्या ‘नाका’ या सरकारी संस्थेने १९३३ साली ७८ एअरफॉइलांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्या कोष्टकांवर कित्येक विमाने उभी राहिली.

या विद्येचे मोल काय, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून कळते. १९६९ साली ब्रिटिश सरकार एअरबस प्रकल्पातून बाहेर पडले; पण हॉकर सिडली ही ब्रिटिश कंपनी पंखांसाठी प्रकल्पात राहिली, कारण ते कौशल्य तिच्यापाशी होते. आजही एअरबसचे बहुतेक पंख वेल्समधील ब्रॉटन येथे तयार होतात.

आपल्यापाशीही आरंभ होता. सतीश धवन यांनी १९५१ मध्ये अमेरिकेतून परतून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत देशातील पहिला स्वनातीत वातबोगदा उभारला. कुर्त टांक यांच्या नेतृत्वाखाली घडलेले ‘मारुत’ १९६१ साली उडाले. त्याला साजेसे इंजिन कधीच मिळाले नाही, तरीही १९७१ च्या युद्धात त्याने पराक्रम गाजवला. त्यानंतर संपूर्ण नव्या आराखड्याचे स्वदेशी लढाऊ विमान उडाले ते ४ जानेवारी २००१ रोजी! चाळीस वर्षांत आखणाऱ्यांची एक पिढी निवृत्त होते आणि हाताचे ज्ञान तिच्याबरोबर जाते. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, तेजसच्या नियंत्रण प्रणालीवर तेथे काम करणारे आपले अभियंते परत पाठवले. तेव्हा ते काम आपण येथेच पूर्ण केले. जे स्वतः शिकलो, ते कोणी हिरावू शकले नाही.

आज हीच परीक्षा प्रवासी विमानांच्या क्षेत्रात आहे. २०२३ साली एअर इंडियाने ४७०, तर इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्यांतील एकाही विमानाचा पंख भारतीय आराखड्याचा नाही. सुटे भाग येथे बनवून मजुरी मिळेल. आराखड्याचा अधिकार मिळणार नाही.

त्यासाठी तीन गोष्टी हव्यात. वातबोगद्यांना सातत्याने निधी हवा. संगणकीय गणित कितीही पुढे गेले तरी त्याची कसोटी प्रयोगच असतो. चाचण्यांची जी माहिती गोपनीय नाही, ती महाविद्यालयांपर्यंत पोहोचायला हवी. आणि एक विमान संपण्यापूर्वी दुसऱ्याचे काम सुरू व्हायला हवे, म्हणजे अनुभवाची साखळी तुटणार नाही.

यात घराचाही वाटा आहे. पगाराचा पहिला आकडा पाहून मुलांच्या वाटा ठरवणाऱ्या पालकांनी, प्रयोगशाळेत दहा वर्षे घालवू इच्छिणाऱ्या मुलाच्या पाठीशीही उभे राहावे. तेजसला टाळ्या वाजवणे सोपे आहे. पुढचा पंख आखणारे हात घडवणे कठीण आहे, आणि राष्ट्रकार्य तेच आहे.