आधी गिऱ्हाईक, मग करंडक!

दिवाळीची सुट्टी सरली, की महाराष्ट्रातील महाविद्यालयांत संमेलनांचे वारे वाहू लागते. एके काळी या हंगामात वक्तृत्व आणि एकांकिका यांच्या स्पर्धांचाच काय तो बोलबाला असे. आता त्यांच्या शेजारी, किंबहुना त्यांच्या पुढच्या पाटावर, एक नवी स्पर्धा येऊन बसली आहे. चार-पाच विद्यार्थ्यांनी एकत्र यावे, धंद्याची एखादी कल्पना काढावी, ती पडद्यावर दहा-बारा चित्रांनिशी परीक्षकांपुढे मांडावी, आठ-दहा मिनिटांत त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि जमल्यास करंडक व धनादेश घेऊन घरी जावे, असे तिचे स्वरूप. तिला 'स्टार्टअप स्पर्धा' म्हणतात. या विषयाला वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर जागा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे, की ज्या घरांत आजवर 'मुलगा नोकरीला लागला' एवढेच सुखाचे वाक्य ठाऊक होते, त्या घरांतील मुले-मुली या मंडपात पहिल्यांदाच 'आम्ही धंदा काढणार' असे उघड बोलत आहेत. तेव्हा त्या मंडपात त्यांना नेमके काय शिकविले जाते, हा प्रश्न संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेपुरता उरत नाही.

या स्पर्धांचा उगम आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात आणि पुढे १९९० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत त्यांनी मूळ धरले. पवईच्या आयआयटीत १९९८ साली विद्यार्थ्यांचा उद्योजकता कक्ष निघाला आणि त्याच्या 'युरेका' स्पर्धेने हा प्रकार आपल्या ओळखीचा केला. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' योजना सुरू केली, २०२२ साली त्या दिवसाला राष्ट्रीय दिनाचा मान मिळाला, आणि मग तालुक्याच्या गावापर्यंत एकही महाविद्यालय असे उरले नाही, की ज्याला आपलीही एखादी स्पर्धा असावी असे वाटले नाही. जानेवारी २०२५ पर्यंत सरकारने मान्यता दिलेल्या स्टार्टअपांची संख्या १ लाख ५९ हजारांवर गेली होती आणि तींत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. आकडा अभिमानाचा आहे, यात शंका नाही. परंतु मान्यता मिळालेला धंदा आणि चाललेला धंदा यांत जे अंतर असते, ते कोणताही सरकारी आकडा सांगत नाही.

आम्ही या स्पर्धांच्या विरुद्ध नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण तोंडाने म्हणायची आणि नोकरीसाठी अर्ज लिहायचा, हा आपला जुना परिपाठ आहे. तो मोडण्याचे काम जी गोष्ट करील तिचे स्वागतच केले पाहिजे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, वाणिज्यशाखेची विद्यार्थिनी आणि चित्रकलेचा एखादा भिडस्त मुलगा एका टेबलाभोवती बसून 'ही वस्तू कोण घेईल?' असा वाद घालतात, हे दृश्य आपल्या शाखाशाखांनी कप्पे पाडलेल्या शिक्षणात दुर्मिळ आहे. ज्याने वर्गात खडू धरला आहे त्याला याचे मोल कळेल. आमची तक्रार स्पर्धा भरतात म्हणून नाही. त्या जे गुण मोजतात, त्याबद्दल आहे.

परीक्षेला जशी मार्गदर्शिका असते, तशी या स्पर्धेलाही एक अलिखित मार्गदर्शिका तयार झाली आहे. आरंभी एखादी करुण समस्या सांगावी. मग 'भारताची लोकसंख्या १४० कोटी आहे. तींतील केवळ एक टक्का लोक आमचे गिऱ्हाईक झाले तरी...' हे वाक्य यावे. त्यानंतर पाच वर्षांत आकाशाला भिडणारी एक रेघ दाखवावी आणि शेवटी आभार मानावेत. या 'केवळ एक टक्क्या'ने जितक्या तरुणांची दिशाभूल केली असेल, तितकी लॉटरीनेही केली नसेल! एक टक्का म्हणजे १ कोटी ४० लाख माणसे होतात. ती कोठे राहतात, आज ही गरज कशी भागवितात, त्यांतील पहिली दहा कोण, याचा पत्ता बहुधा कोणालाच नसतो. परीक्षकही तो विचारीत नाहीत; कारण त्यांनाही पुढचे चौदा चमू जेवणाच्या सुट्टीआधी संपवायचे असतात.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, वसतिगृहातील मुलांना घरगुती जेवणाचा डबा पुरविण्याची योजना एका चमूने मांडली. डब्याचा दर ९० रुपये. जेवणाचा खर्च ५५, पोचविण्याचा २५, वेष्टनाचा ५ आणि नवे गिऱ्हाईक ओढण्यासाठी दिलेली सूट २०, म्हणजे एकंदर १०५. दर डब्यामागे १५ रुपयांचा तोटा झाला. दिवसाला हजार डबे जाऊ लागले की रोजचे १५ हजार आणि महिन्याचे साडेचार लाख बुडाले. पडद्यावर मात्र डब्यांची संख्या वाढताना दिसते आणि टाळ्या पडतात! सूट बंद केली तर डब्यामागे ५ रुपये सुटतात, पण मग गिऱ्हाईक टिकते का? सगळा धंदा या एका प्रश्नात आहे, आणि त्याचे उत्तर पडद्यावर मिळत नाही. ते मिळविण्यासाठी वसतिगृहाच्या दारात आठवडाभर वीस डबे घेऊन उभे राहावे लागते.

परीक्षकांचा कौल आणि बाजाराचा कौल एक नसतो, याचे ठळक उदाहरण या स्पर्धांच्या इतिहासातच आहे. इंटरनेटवरील मजकूर जगभर जलद पोहोचविण्याची कल्पना घेऊन डॅनी लुइन व त्याचे प्राध्यापक टॉम लेटन हे १९९८ साली मॅसॅच्युसेट्सच्या त्या स्पर्धेत उतरले. अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. पहिले बक्षीस मिळाले नाही. त्याच वर्षी त्यांनी 'अकामाई' कंपनी काढली आणि १९९९ च्या ऑक्टोबरात तिचे भाग बाजारात आले. दुसरे उदाहरण पवईचे. आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी मानवरहित विमाने बनविण्यासाठी २००७ साली 'आयडियाफोर्ज' ही कंपनी स्थापिली. ती शेअरबाजारात आली २०२३ साली, म्हणजे १६ वर्षांनी. करंडक ठेवण्याच्या कपाटाला इतक्या अवधीत दोनदा रंग द्यावा लागतो.

आणि आपल्या घरचे उदाहरण तर याहून जुने. बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली! त्या दोन वर्षांत त्यांना कोणी करंडक दिला असता, तर नांगर अधिक चांगला झाला असता असे आम्हांस वाटत नाही. परंतु १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कारखान्यासाठी जागा आणि भांडवल यांचे साह्य केले, त्याने मात्र किर्लोस्करवाडी उभी राहिली. नवोदिताला गौरव कोणत्या वेळी द्यावा आणि मदत कोणत्या वेळी, हे त्या लहानशा संस्थानाच्या अधिपतीला आमच्या विद्यापीठांहून बरे कळत होते, असे खेदाने म्हणावे लागते.

आता एका अधिक गंभीर बाबीकडे वळू. तिच्याविषयी विद्यार्थ्यांना बहुधा कोणी सावध करीत नाही. स्पर्धेत मांडलेली कल्पना कोणाची? नुसती कल्पना ही कायद्याने कोणाच्याच मालकीची नसते. प्रताधिकार मिळतो तो मांडणीला. धंद्याची नुसती पद्धत आपल्या पेटंट कायद्यात बसत नाही. पण एखाद्या विद्यार्थ्याने खरोखरच नवे यंत्र किंवा नवी प्रक्रिया शोधली असेल, तर धोका मोठा आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार शोध अर्ज करण्यापूर्वी जाहीर झाला, तर त्याचे नावीन्य संपते. सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांना कायद्याने १२ महिन्यांची सवलत दिली आहे. संमेलनाचा मंडप त्यांत मोडतो असे समजून चालणे शहाणपणाचे नव्हे. उपाय अवघड नाही. व्यासपीठावर चढण्यापूर्वी तात्पुरता अर्ज दाखल करावा, आणि सविस्तर अर्जासाठी पुढे १२ महिने मिळतात. प्रवेशपत्रिकेत छायाचित्राची जागा आखणाऱ्या संयोजकांना ही एक सूचना छापणे का जमू नये?

महाविद्यालयाच्या हक्काचेही तसेच. केंद्रीय शिक्षण खात्याच्या २०१९ च्या धोरणात विद्यार्थ्याने संस्थेची प्रयोगशाळा वा निधी वापरून काही शोधले, तर त्यावर संस्थेचा व त्याचा संयुक्त हक्क सांगितला आहे. स्वतःच्या वेळात व साधनांनी केले तर ते त्याचे. संस्थेने आधार दिलेल्या कंपनीत तिला २ ते ९.५ टक्के वाटा घेता येतो. त्याच धोरणात धंदा करणाऱ्या विद्यार्थ्याला हजेरी कमी असूनही परीक्षेला बसू देण्याची आणि एखाद्या सत्राची सुट्टी देण्याची मुभा आहे. म्हणजे कागदावर सोय उत्तम आहे! पण किती प्राचार्यांनी ती आपल्या फलकावर लावली आहे? मुलाने करंडक आणला की त्याच्यासह छायाचित्र काढायचे आणि त्याच मुलाने पुरवठादाराकडे जाण्यासाठी चार तास बुडविले की पालकांना बोलावणे धाडायचे, या दोन्ही गोष्टी एकाच कार्यालयातून होत असतील, तर धोरणाचे पुस्तक कपाटातच बरे.

भाषेचा मुद्दा काढला की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. तरी तो काढणे भाग आहे. अंबाजोगाईच्या किंवा गडहिंग्लजच्या विद्यार्थ्याचे गिऱ्हाईक मराठी, पुरवठादार मराठी, मजूर मराठी. मग परीक्षकांपुढे त्याची जीभ इंग्रजीत का अडखळावी? ठिबकच्या नळीतील क्षार कसे काढावेत हे ज्याला आपल्या शेतावर समजले आहे, त्याचे म्हणणे व्याकरणापायी मागे पडते आणि ज्याने नळी कधी हातात धरली नाही असा शहरी चमू 'कृषिक्षेत्रातील क्रांती' म्हणून बक्षीस नेतो. इंग्रजी यावे, अवश्य यावे. निर्यात करायची तर त्याविना गत्यंतर नाही. परंतु आपल्या विद्यापीठांच्या स्पर्धेत मराठीतून मांडणी करण्याचा हक्क नियमातच लिहिलेला असला पाहिजे. परीक्षकांच्या मेहेरबानीवर तो सोडता कामा नये.

मुलींबद्दलही दोन शब्द. या स्पर्धांत त्या उत्साहाने उतरतात आणि बक्षिसेही घेतात. मुलीने करंडक आणला की घराला अभिमान वाटतो. 'आता हेच करीन' असे ती म्हणाली की मात्र तेच घर स्थळे पाहू लागते.

पालकांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. व्यापारी कुळातील मुलगा बुडाला तर काकांच्या गादीवर बसतो; कोरडवाहू शेतकऱ्याचा किंवा गिरणगावातल्या चाळीतला मुलगा बुडाला तर बहिणीच्या लग्नाचे पैसे बुडतात. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे, की स्पर्धेत जरूर उतरा, पण बक्षिसाच्या आशेवर कर्ज काढू नका. चौघे मित्र असाल तर कोणाचा किती वाटा आणि कोणी मध्येच सोडल्यास काय, हे स्पर्धेआधी कागदावर लिहून सह्या करा. बक्षीस मिळाल्यावर ते लिहिणे फार कठीण जाते. वयाची अठरा वर्षे पुरी झाली नसतील, तर तुमचा करार कायद्यापुढे टिकत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि मंडपात जाण्यापूर्वी निदान दहा अनोळखी माणसांनी तुमच्या वस्तूसाठी खिशातून पैसे काढले पाहिजेत. काका, मामा आणि वर्गमित्र यांत धरू नयेत!

विद्यापीठांकडे आमची मागणी याहून नेमकी आहे. प्रवेशासाठी चित्रांच्या पडद्याबरोबर विक्रीची वही मागावी, मग तींत तीनच नोंदी असल्या तरी चालतील. परीक्षकांत एक किरकोळ दुकानदार आणि एक लघुउद्योजक असावा. सगळेच सल्लागार नसावेत. बक्षिसाची अर्धी रक्कम निकालाच्या दिवशी द्यावी आणि उरलेली अर्धी शंभर पैसे देणारी गिऱ्हाइके झाल्यावर, सहा महिन्यांनी. तोपर्यंत धंदा बंद पडला असेल, तर तो का पडला याचा प्रामाणिक हिशेब लिहून देणाऱ्या चमूलाही ती अर्धी रक्कम मिळावी. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्या चार पानांचा कोणत्याही व्याख्यानाहून अधिक उपयोग होईल. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी समिती लागत नाही आणि जादा पैसाही लागत नाही. कुलगुरूंच्या सहीचे एक परिपत्रक पुरे आहे. येत्या १६ जानेवारीला भाषणांची तयारी सुरू होण्यापूर्वी ते निघावे, आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर मराठीतून लागावे.