विश्लेषण : प्रत्येक बँक सुरक्षित, तरी व्यवस्था धोक्यात? काय सांगते गोंगाटाचे गणित…

जमिनीची सततची थरथर आणि शेअर बाजारातले चढउतार यांचा संबंध काय? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील गणितज्ञ जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी दोन्हींवर संशोधन केले आहे. प्रश्न एकच : गोंगाटातून उपयोगी माहिती कशी काढायची?

गोंगाटातून चित्र कसे?

सोनोग्राफीत यंत्र ध्वनिलहरी सोडते आणि प्रतिध्वनीवरून चित्र बनवते. ‘पॅसिव्ह इमेजिंग’मध्ये लहरी सोडाव्याच लागत नाहीत. समुद्राच्या लाटांमुळे जमीन कायम किंचित हलत असते. दोन ठिकाणच्या भूकंपमापकांच्या नोंदी दीर्घकाळ जुळवून पाहिल्या, की त्या दोहोंमध्ये लहर किती वेळात पोहोचते हे कळते आणि त्यावरून खालच्या खडकांचा अंदाज येतो. २००५ मध्ये कॅलिफोर्नियाचे असे नकाशे प्रसिद्ध झाले. पापानिकोलाऊ आणि जोस्लँ गार्निए यांनी २०१६ च्या पुस्तकात या तंत्रामागचे गणित मांडले.

बाजाराशी संबंध काय?

ऑप्शनची किंमत काढणारे १९७३ चे ब्लॅक-शोल्स सूत्र व्होलॅटिलिटी, म्हणजे चढउतारांची तीव्रता, स्थिर मानते. प्रत्यक्षात तीही बदलते. १९८७ च्या पडझडीनंतर ऑप्शनच्या भावांत हे ठळक दिसू लागले. पापानिकोलाऊ यांनी दोन सहकाऱ्यांसह २००० मध्ये लिहिलेल्या पुस्तकात मार्ग सुचवला. व्होलॅटिलिटी झपाट्याने सरासरीकडे परतत असेल, तर तिचा क्षणाक्षणाचा हिशेब लागत नाही. मूळ सूत्रात छोटी दुरुस्ती पुरते आणि त्या दुरुस्तीचे आकडे बाजारभावांतूनच मिळतात. प्रत्येक दगड ठाऊक नसताना खडकातून जाणाऱ्या लहरीचे सरासरी वर्तन काढावे, तसेच हे.

बँकांबाबत इशारा कोणता?

२०१३ च्या शोधनिबंधात गार्निए, पापानिकोलाऊ आणि एका सहकाऱ्याने व्यवस्थात्मक जोखीम तपासली. बँका धोका वाटून घेतात, तेव्हा एकेक बँक भक्कम दिसते. त्या भरवशावर प्रत्येक जण जास्त जोखीम घेतो. एकेका बँकेचा धोका कागदावर पूर्वीइतकाच राहतो. मात्र सगळ्या एकदम कोसळण्याची शक्यता वाढते.

आपल्यासाठी अर्थ काय?

एकेका बँकेचा ताळेबंद तपासून भागत नाही. त्यांचे परस्परसंबंधही पाहावे लागतात. बुडाल्यास संपूर्ण व्यवस्था हादरेल अशा बँकांची यादी रिझर्व्ह बँक जाहीर करते. स्टेट बँक, एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक या त्यातल्या. त्यांना जादा भांडवल राखावे लागते. हे गणित संकटाची तारीख सांगत नाही. सगळे काही शांत दिसत असतानाही धोका साचू शकतो, एवढे मात्र ते दाखवते.