मायक्रोवेव्ह आणि उरलेला भात

मंडळी, गणपतीचा कार्यक्रम आटोपला की उरलेला मसालेभात डब्यांतून घरोघरी जातो आणि 'सकाळी मायक्रोवेव्ह करू' म्हणत रात्रभर ओट्यावरच राहतो. ह्या भरवशावर राहू नका. भात शिजला तरी बॅसिलस सीरिअस ह्या जंतूचे बीजाणू तगून राहतात. बाहेर ठेवलेल्या भातात ते वाढून जे विष सोडतात, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. तेव्हा दोन तासांच्या आत भात पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

मायक्रोवेव्हच्या लहरी अन्नात जेमतेम इंचभर शिरतात. म्हणून कडेला चटका आणि मध्ये गार! पाण्याचा हबका मारून सैल झाकण ठेवा, अर्ध्यावर थांबवून भात खालीवर करा, शेवटी दोन मिनिटे मुरू द्या. मधोमध १६५ अंश फॅरनहाइट भरले पाहिजे.

रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र टाकाच. अन्न टाकायला हात धजत नाही खरा, पण सकाळी तोच मुलांच्या डब्यात जायचा असतो!