'आफ्रिकी वंश' हे निदान नव्हे : सिकलसेल, हृदयातील वीज आणि यवतमाळ

1910 साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एक नोंद प्रसिद्ध केली. ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्या होत्या. पुढे कित्येक वर्षे अमेरिकी वैद्यकाने सिकलसेलला 'निग्रोंचा आजार' मानले. एखाद्या गोऱ्या रुग्णात तो सापडला, तर त्याच्या घराण्यात आफ्रिकी रक्ताचा शोध घेतला जाई. वंशावरून आजार ठरे आणि आजारावरून वंश!

1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हाच दोष सापडला. 1958 मध्ये नागपुरातील संशोधकांनी तो मध्य भारतातही असल्याचे 'लॅन्सेट'मधून जगाला कळवले. यवतमाळच्या झरी-जामणी, केळापूर पट्ट्यातील गोंड-परधानांच्या घरांत मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता, फक्त त्याला नाव नव्हते. हे जनुक एकाच पालकाकडून आले तर हिवतापापासून बचाव होतो. म्हणून हिवतापाच्या जंगली मुलखात ते टिकले. दोन्ही पालकांकडून आले, की आजार जडतो. भारतातील हा दोष स्वतंत्रपणे उद्भवला, असे 1986 च्या संशोधनाने सुचवले, तर 2018 च्या एका अभ्यासाने सर्वांचा उगम आफ्रिकेतील एकाच व्यक्तीपर्यंत नेला. वाद रंजक आहे खरा. पण निकाल कसाही लागला तरी झरीचा गोंड त्यामुळे 'आफ्रिकी' ठरत नाही.

तोच जुना घोळ आता हृदयाच्या विजेबाबत होताना दिसतो.

हृदयाचा प्रत्येक ठोका हा विजेचा प्रवास असतो. वरच्या कप्प्यात ठिणगी पडते, मध्यावरील गाठीत ती क्षणभर थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत पसरते. पेशीच्या भिंतीतील सोडियमच्या सूक्ष्म वाटा या प्रवाहाला वेग देतात. त्या वाटा घडवणारे जनुक म्हणजे एससीएन5ए. 2002 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याचा एक प्रकार प्रसिद्ध झाला. सुमारे 13 टक्के आफ्रिकी-अमेरिकनांत तो आढळतो आणि ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका थोडा वाढवतो. तो धारण करणाऱ्या बहुसंख्यांना आयुष्यभर काहीही होत नाही. दुसरीकडे, रक्तदाबाचे प्रमाण अधिक असूनही वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा विकार, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, आफ्रिकी-अमेरिकनांत गोऱ्यांपेक्षा कमी दिसतो.

ही निरीक्षणे खरी आहेत. फसवे आहे ते त्यांच्यावर चिकटवलेले 'आफ्रिकी वंश' हे लेबल. जगातील सर्वाधिक जनुकीय वैविध्य आफ्रिकेतच आहे. अमेरिकेत नेलेल्या गुलामांपैकी बहुतेक त्या खंडाच्या पश्चिम भागातले होते. महाराष्ट्रात आलेले आफ्रिकी मुख्यतः पूर्वेकडचे. मलिक अंबर इथिओपियाचा. कर्नाटक-गुजरातमधील सिद्दींच्या 2011 च्या जनुकीय अभ्यासात मात्र आफ्रिकेच्या बांटूभाषक समूहांशी नाते दिसले, आणि त्यांच्या वारशाचा बराच हिस्सा भारतीय निघाला. म्हणजे 'हबशी' या एकाच दरबारी शब्दाखाली निरनिराळ्या प्रदेशांतली माणसे कोंबली गेली होती. बोस्टनमधल्या रुग्णाचा ईसीजी पाहून मुरूडच्या सिद्दीच्या हृदयाविषयी अनुमान काढणे म्हणजे आयर्लंडच्या माणसावरून पंजाब्याचे निदान करण्यासारखेच. तरीही 2005 मध्ये अमेरिकेत हृदय निकामी होण्यावरील बायडिल हे औषध केवळ स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणाऱ्यांसाठी मंजूर झाले. कातडीचा रंग हा जनुकाचा पर्याय म्हणून वापरण्याचा मोह शास्त्रज्ञांनाही सुटत नाही.

यवतमाळला या वादाशी काय देणेघेणे? पुष्कळ आहे. लेबल बदलले, सवय तीच राहिली. पूर्वी सिकलसेल 'निग्रोंचा' होता, आता तो 'आदिवासींचा' झाला आहे. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचा भरही आदिवासी भागांवरच आहे. तो भर योग्यच. काही आदिवासी समाजांत दर पाच माणसांत एकाहून अधिक वाहक सापडले आहेत. पण विदर्भात हे जनुक पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आहे, आणि कुणबी-तेली घरांतही ते आढळते. 'हा आपल्यातला रोग नव्हे' या समजुतीने चाचणी न करता जुळलेल्या लग्नातून दोन वाहक एकत्र येतात, आणि प्रत्येक अपत्यामागे चारात एक शक्यता आजाराची उरते.

आणि इथेच हृदयातील वीज परत येते. सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांत ईसीजीवरील क्यूटी अंतर लांबलेले वारंवार दिसते. दीर्घकाळचा रक्तक्षय, फुप्फुसांतील वाढलेला दाब, वारंवार रक्त चढवल्याने साचणारे लोह, या सर्वांचा ताण हृदयाच्या वाहिन्यांवर आणि लयीवर पडतो. अशा काही रुग्णांचे अचानक होणारे मृत्यू लय बिघडल्याने होत असावेत, असे मानले जाते. पांढरकवड्याच्या परधान तरुणाच्या हृदयाला धोका असेल, तर तो कुठल्या खंडातून आलेल्या वंशाचा नव्हे, त्याच्या रक्तातल्या त्या एका बदललेल्या अक्षराचा आहे. तो शोधायला सोल्युबिलिटी चाचणी, खात्रीला इलेक्ट्रोफोरेसिस आणि वर्षाकाठी एक ईसीजी लागतो. यांपैकी कशालाही जातीचा दाखला लागत नाही.