विश्लेषण : दुकान लातूरचे, वेबसाइटचे नाव कोणाच्या ताब्यात?

दहावी-बारावीचे निकाल आणि ‘नीट’चा हंगाम आला, की लातुरातील शिकवणी वर्ग, वसतिगृहे आणि खाणावळींची माहिती हिंगोली, परभणी, बीडचे पालक आधी मोबाइलवर शोधतात. लातूर-उदगीरच्या डाळ मिल शोधणारा परराज्यातील खरेदीदार आणि नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी येताना हॉटेल पाहणारा पंजाबमधील भाविक यांचीही सुरुवात तिथूनच होते. त्यामुळे लहान व्यावसायिकही आता स्वतःची वेबसाइट करून घेऊ लागले आहेत. मात्र पैसे दिल्यावर नेमके काय मिळाले, ते कोणाच्या नावावर आहे आणि किती दिवसांसाठी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. ऐन हंगामात एखाद्या सकाळी वेबसाइट उघडत नाही, तेव्हा हा प्रश्न समोर येतो.

वेबसाइट घेतली म्हणजे काय घेतले?

वेबसाइट ही एक वस्तू नाही. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली गोष्ट म्हणजे डोमेन, म्हणजेच ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ने संपणारे नाव. दुसरी गोष्ट होस्टिंग, म्हणजे चोवीस तास सुरू असणाऱ्या संगणकावर, सर्व्हरवर, घेतलेली जागा. तिसरी गोष्ट म्हणजे त्या जागेत ठेवलेली पाने, फोटो, दरपत्रक आणि फॉर्म.

दुकानाच्या भाषेत सांगायचे तर होस्टिंग हा भाड्याचा गाळा, पाने म्हणजे आत भरलेला माल आणि डोमेन म्हणजे दुकानाचा पत्ता. गाळा बदलता येतो, माल पुन्हा भरता येतो. पण पिशव्या, बिलबुक, जाहिरात आणि टेम्पोच्या मागे लिहिलेला पत्ता दुसऱ्याच्या हातात गेला, तर गिऱ्हाईक त्याच्या दारात जाते.

वेबसाइट करून देणारे बहुतेक जण या तिन्ही गोष्टींचे मिळून एकच ‘पॅकेज’ देतात. बिलही एकच असते. त्यामुळे तिन्हींची मुदत, खाते आणि मालकी वेगवेगळी असते, हे लक्षात येत नाही.

डोमेन विकत मिळते की भाड्याने?

भाड्याने. डोमेनची नोंदणी साधारणपणे १ ते १० वर्षांसाठी होते. मुदत संपण्याआधी नूतनीकरण केले, तरच ते नाव टिकते. खर्च फार नसतो. साध्या नावाला वर्षाला काहीशे रुपये ते हजार-दीड हजार रुपये लागतात. पहिल्या वर्षी सवलतीत मिळालेले नाव दुसऱ्या वर्षी महाग पडू शकते.

‘डॉट कॉम’सारख्या नावांचे जागतिक नियम १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही संस्था ठरवते. ‘डॉट इन’चा कारभार ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही २००३ मध्ये स्थापन झालेली संस्था पाहते. ग्राहकाचा संबंध मात्र रजिस्ट्रारशी, म्हणजे नोंदणी करून देणाऱ्या अधिकृत कंपनीशी येतो. त्या कंपनीकडच्या खात्यात ज्याचे नाव आणि ईमेल आहे, तोच त्या डोमेनचा नोंदणीधारक मानला जातो. पैसे कोणी दिले, हे तिथे लिहिलेले नसते.

मोबाइलवर नाव टाकल्यावर काय घडते?

इंटरनेटवरचे संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावावरून आकडा शोधून देणारी ‘डीएनएस’ ही व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली.

समजा, परभणीच्या पालकाने लातूरच्या एका क्लासचे ‘डॉट इन’ नाव मोबाइलवर टाकले. मोबाइल कंपनीचा सर्व्हर आधी आपल्याकडे उत्तर साठवलेले आहे का, ते पाहतो. नसेल तर तो सर्वांत वरच्या ‘रूट’ सर्व्हरला विचारतो. तिथून ‘डॉट इन’च्या नोंदवहीचा पत्ता मिळतो. ती नोंदवही सांगते, की या नावाची माहिती अमुक नेमसर्व्हरकडे आहे. नेमसर्व्हर शेवटी आकडा देतो. हे सगळे बहुतेक वेळा सेकंदाच्या लहानशा अंशात उरकते.

आकडा मिळाल्यावर मोबाइल त्या सर्व्हरकडे पानाची मागणी पाठवतो. उत्तर लहान-लहान तुकड्यांत येते. त्यांना पॅकेट म्हणतात. लातूरच्या गंजगोलाईला जसे १६ रस्ते येऊन मिळतात आणि एक रस्ता तुंबला तर दुसऱ्याने जाता येते, तसेच पॅकेटही मोकळ्या वाटेने येतात. मोबाइल ते क्रमाने जोडून पान दाखवतो.

या वाटांचे जाळे म्हणजे इंटरनेट. त्यावरून चालणारी, दुव्यांनी जोडलेल्या पानांची सेवा म्हणजे वेब. तिची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा ‘व्हीएसएनएल’ने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली.

यातले व्यावसायिकाच्या हातात किती?

रस्ता त्याच्या हातात नाही. रस्त्याच्या कामात केबल तुटली किंवा सप्टेंबर २०२५ मध्ये झाले तसे तांबड्या समुद्रातील केबल तुटल्या, तर तो काही करू शकत नाही. जागा थोडीफार हातात आहे. सर्व्हर मुंबईत असेल, तर लातूरच्या ग्राहकाला पान अमेरिकेतील सर्व्हरपेक्षा लवकर मिळू शकते. फोटो हलके करून टाकले, तर पान आणखी लवकर उघडते. मोबाइल कॅमेऱ्यातला फोटो जसाच्या तसा चढवला, तर एकेक फोटो काही एमबीचा असतो. लहान वेबसाइट मंद असण्यामागे अनेकदा हेच साधे कारण असते.

नाव मात्र पूर्णपणे हातात ठेवता येते. नेमकी तीच गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते.

नाव हातातून कसे जाते?

बहुतेक वेळा फसवणुकीने नव्हे, तर सोयीने. वेबसाइट करणारा तरुण ओळखीतला असतो. तो आपल्याच खात्यातून सगळ्या ग्राहकांची डोमेन घेतो, कारण काम लवकर होते. मुदत संपत आल्याचे ईमेल त्यालाच येतात. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला जातो, नंबर बदलतो किंवा ते काम सोडतो. इकडे दुकानदाराला मुदतीची तारीखही माहीत नसते.

याची दुसरी बाजूही आहे. अनेक डेव्हलपर ग्राहकाचे नूतनीकरण पदरचे पैसे घालून करतात आणि ते वसूल करायला वर्षभर फोन करत राहतात. कधी कामाच्या पैशांवरून वाद होतो आणि डोमेन अडकून पडते. नाव सुरुवातीपासून ग्राहकाच्या खात्यात असेल, तर दोघांचेही डोके शांत राहते.

मुदत संपल्यावर नाव लगेच जाते का?

लगेच नाही, पण वेबसाइट लवकर बंद पडू शकते. ‘डॉट कॉम’ नावांसाठी मुदत संपल्यानंतर रजिस्ट्रारच्या धोरणानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळू शकते. त्यानंतर ३० दिवस जादा शुल्क भरून नाव सोडवता येते. मग ५ दिवसांनी ते कोणालाही घेण्यासाठी खुले होते. काही रजिस्ट्रार मुदत संपलेली नावे सवलतीच्या काळातच लिलावात काढतात, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

चूक मोठ्यांकडूनही होते. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे शुल्क भरायचे राहिले आणि हॉटमेल वापरणाऱ्या अनेकांना लॉग-इन करता येईना. शेवटी अमेरिकेतील एका संगणक तज्ज्ञाने स्वतःच्या कार्डवरून ३५ डॉलर भरले, तेव्हा अडचण दूर झाली. लहान दुकानदाराच्या मदतीला असा कोणी धावून येईलच, असे नाही.

सुटलेले नाव दुसऱ्याने घेतले, तर जुन्या गिऱ्हाइकांना त्याच पत्त्यावर सट्टेबाजीची जाहिरात दिसू शकते. त्याहून गंभीर बाब ईमेलची आहे. दुकानाचा ईमेल त्याच नावावर असेल, तर त्या पत्त्यावर येणारी पत्रे नवा मालक आपल्याकडे वळवू शकतो. बँकेचे किंवा जीएसटीचे खाते त्या ईमेलशी जोडलेले असेल, तर धोका वेबसाइटपुरता राहत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम असताना वेबसाइट कशाला?

ही माध्यमे उपयोगी आहेत आणि अनेक दुकानांचा धंदा त्यांच्यावरच चालतो. पण ती जागा दुसऱ्याची आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद होते. कंपनीच्या जाळ्याचे रस्तेच इंटरनेटवरून नाहीसे झाले आणि तिचे नेमसर्व्हर कोणाला सापडेनात. त्या वेळेत स्वतंत्र वेबसाइट सुरू होत्या.

दुसरे उदाहरण गुगलचे. ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’मधून लहान व्यावसायिकांना एका पानाची मोफत वेबसाइट मिळत असे. मार्च २०२४ मध्ये गुगलने ती सोय बंद केली. जुन्या पत्त्यावरून प्रोफाइलकडे वळवण्याची सोयही त्याच वर्षी १० जूनपर्यंतच होती. नकाशावरची नोंद राहिली, पण छापलेला वेबसाइटचा पत्ता निरुपयोगी झाला. ज्यांनी स्वतःचे डोमेन घेऊन ते जोडले होते, त्यांना तेच नाव नव्या वेबसाइटकडे वळवता आले.

कुलपाचे चिन्ह म्हणजे दुकान खरे का?

नाही. ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणाऱ्या वेबसाइटवर ग्राहक आणि सर्व्हर यांच्यातील मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही, एवढीच हमी मिळते. समोरचा व्यापारी प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नाही. लोकांचा हाच गैरसमज होत असल्याने क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये कुलपाचे चिन्ह बदलले.

तरीही हे प्रमाणपत्र हवेच. २०१८ पासून क्रोम त्याविना असलेल्या वेबसाइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारख्या संस्था ते मोफत देतात. त्यासाठी कोणी दरवर्षी वेगळे पैसे घेत असेल, तर ते कशाचे, हे विचारावे.

नाव दुसऱ्याने घेतले तर कायदा काय सांगतो?

मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘रेडिफ’ कंपनीच्या दाव्यात मिळत्याजुळत्या ‘रॅडिफ’ या नावाचा वापर रोखला. डोमेन हा केवळ इंटरनेटवरचा पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळायला हवे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही डोमेनला व्यापारी ओळख म्हणून संरक्षण मिळू शकते, हे मान्य केले.

‘डॉट इन’च्या वादांसाठी निक्सीची लवादाची व्यवस्था आहे. तिथे नाव आपल्या ट्रेडमार्कसारखे आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले किंवा वापरले आहे, हे दाखवावे लागते. त्यासाठी शुल्क, कागदपत्रे आणि वेळ लागतो. वर्षाला हजार रुपयांचे नाव वेळेत भरणे त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

मराठीत डोमेन मिळते का?

मिळते. देवनागरीतील ‘डॉट भारत’ २०१४ मध्ये सुरू झाले आणि मराठीतही नाव नोंदवता येते. मात्र काही जुने फॉर्म आणि ईमेल सेवा असे पत्ते अजून नीट स्वीकारत नाहीत. त्यामुळे सध्या ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ मुख्य ठेवून मराठी नाव त्याकडे वळवणे सोयीचे ठरते.

आता काय तपासावे?

वेबसाइट असलेल्या व्यावसायिकाने डेव्हलपरला चार गोष्टी विचाराव्यात : डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, कोणाच्या ईमेलवर आहे, मुदत कधी संपते आणि होस्टिंगची मुदत वेगळी आहे का. मुदतीची तारीख आयकॅनच्या ‘लुकअप’ पानावर कोणालाही मोफत पाहता येते.

डोमेन डेव्हलपरच्या खात्यात असेल, तर ते स्वतःच्या खात्यात घ्यावे. त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचे खाते उघडले, तर सहसा एका खात्यातून दुसऱ्यात नाव हलवता येते. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचे असेल, तर ‘ऑथ कोड’ लागतो. नवी नोंदणी किंवा बदली झाल्यावर साधारण ६० दिवस असे स्थलांतर करता येत नाही, हे लक्षात ठेवावे. मुदत संपत आली असेल, तर आधी नूतनीकरण करावे, मग स्थलांतर.

खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, नाहीतर नाव बंद पडताच ते सोडवण्याचा मार्गही बंद होतो. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी. वेबसाइटची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. ‘तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे’ असे सांगणाऱ्या ईमेलमधील दुव्यावरून पैसे न भरता थेट रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन खात्री करावी, कारण असे बनावट ईमेलही येतात.

रोजची कामे डेव्हलपरकडेच राहू द्यायला हरकत नाही. बहुतेक रजिस्ट्रार खात्याचा पासवर्ड न देता दुसऱ्याला मर्यादित प्रवेश देण्याची सोय करतात. नव्याने वेबसाइट करून घेणाऱ्यांनी कामाच्या करारात एक ओळ घालून घ्यावी : डोमेनचा नोंदणीधारक व्यवसायाचा मालक असेल.