मोहोर खुडण्याचा धीर

भातकापणी आटोपली, दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर घराघरांना कुलुपे लागू लागतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर माणसे पोराबाळांसह निघतात. आगाऊ उचल, ज्याला इकडे 'बयाणा' म्हणतात, सणाच्या आधीच हातात पडून खर्चही झालेली असते. पुढचे सहा-सात महिने ती फेडण्यात जातात. आठवड्याची 'खर्ची' तेवढी मिळते. शिलकीचा हिशेब मालकाच्या वहीत. पावसाळ्यात धो धो पाऊस पडणारा आणि वैशाखात हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारा हा मुलूख. याच डोंगररांगांतून वाहणाऱ्या वैतरणेचे पाणी मुंबईकरांच्या नळाला येते.

याच मुलखात 'बाएफ'ने, म्हणजे मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरुळीकांचनला स्थापन केलेल्या संस्थेने, 'वाडी'ची कल्पना रुजवली. घरटी साधारण एक एकर माळजमीन, तीत आंबा-काजूची कलमे, मधल्या जागेत नाचणी, भाजीपाला वा मोगरा, आणि कुंपणाला उपयोगी झाडे. ऐकायला सोपी अशी ही कल्पना प्रत्यक्षात कठोर परीक्षा घेते. पहिली दोन-तीन वर्षे कलमाला आलेला मोहोर शेतकऱ्याला स्वतःच्या हाताने खुडून टाकावा लागतो. नाहीतर झाड फळ धरते आणि खोड कमकुवत राहते. घरात तेलमीठ नसताना मोहोर खुडणे ही साधी गोष्ट नव्हे. ज्यांनी हा धीर धरला, त्यांच्यातील कित्येकांचे स्थलांतर थांबले वा कमी झाले.

या धीराची आठवण आज आम्ही एका वेगळ्याच क्षेत्रातील माणसाच्या निमित्ताने काढीत आहोत. ते क्षेत्र शेअर बाजाराचे. धीर आणि शेअर बाजार यांची सांगड कशी घालायची, असे वाचकांपैकी अनेकांना वाटेल. पण मुंबईच्या पराग पारिख यांनी ती आयुष्यभर घातली.

1980 च्या दशकात पारिख शेअर दलालीच्या व्यवसायात उतरले. 1992 साली, म्हणजे रोखे घोटाळ्याने देशाला हादरा दिला त्याच वर्षी, त्यांनी आपली वित्तीय सल्ला कंपनी स्थापन केली. 1996 पासून ही कंपनी ग्राहकांच्या गुंतवणुकीचे व्यवस्थापन करू लागली. दलालीच्या धंद्यात एक मूलभूत विसंगती आहे. ग्राहकाने जितक्या वेळा खरेदी-विक्री करावी तितकी दलाली अधिक. ग्राहक बुडाला तरी दलालाचे मीटर चालूच. ग्राहकाचे हित मात्र बहुतेक वेळा शांत बसण्यात असते. माणूस पैशाच्या बाबतीत चुका करतो त्या बुद्धीच्या अभावी नव्हे, तर भीती, लोभ आणि गर्दीचे अनुकरण यांपोटी, हा पारिख यांचा अभ्यासाचा विषय. 2005 आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकांत याच मनोव्यापाराची चिकित्सा आहे.

मे 2013 मध्ये त्यांनी म्युच्युअल फंड सुरू केला. मागे ना बँक, ना बडे उद्योगघराणे. इतर फंड कंपन्या डझनावारी योजना बाजारात आणीत असताना या कंपनीने पाच वर्षे एकच योजना चालवली. संचालक आणि व्यवस्थापक यांनी स्वतःचा पैसा त्याच योजनेत ठेवला, आणि तो किती, हे गुंतवणूकदारांना नियमितपणे सांगितले. दोन वर्षांच्या आत पैसे काढू पाहणाऱ्याला निर्गमन शुल्क लावले. म्हणजे उतावळ्या ग्राहकाला दारातच थोपवले. दरवर्षी गुंतवणूकदारांची सभा भरवून त्यांच्या प्रश्नांना समोरासमोर उत्तरे देण्याचा प्रघात पाडला. यात चमत्कार कोणताच नाही. जे अन्न दुसऱ्याला वाढायचे तेच आपण त्याच पंगतीत बसून खायचे, हा आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असलेला नियम त्यांनी धंद्यात पाळला, इतकेच.

3 मे 2015 रोजी अमेरिकेतील ओमाहा येथे मोटार अपघातात पारिख यांचे निधन झाले. वॉरेन बफे यांच्या कंपनीच्या वार्षिक सभेसाठी ते तेथे गेले होते. फंडाला तेव्हा दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. प्रवर्तक गेला की संस्था कोलमडते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. येथे तसे झाले नाही. चिरंजीवांनी आणि तयार सहकाऱ्यांनी तीच रीत पुढे चालवली आणि 2025 साली त्या मूळ योजनेतील लोकांचा पैसा एक लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला. व्यक्तीपेक्षा पद्धत मोठी असली की संस्था टिकते, हे संघटनेत काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

हे लिहिताना एक खबरदारी घेणे आवश्यक आहे. ही कोणत्याही योजनेची शिफारस नव्हे. बाजार वर जातो तसा खालीही येतो, आणि गेल्या वर्षांचे यश पुढच्या वर्षांची हमी देत नाही. एखाद्या फंडाचीही व्यक्तिपूजा होऊ नये. ती झाली तर पारिख यांचीच शिकवण वाया गेली असे म्हणावे लागेल. घ्यायची आहे ती त्यांची विश्वस्तवृत्ती.

तिची निकड कोठे आहे? वाडीला चार पैसे मिळू लागलेल्या, बचत गटात दरमहा थोडी रक्कम टाकणाऱ्या घरापर्यंत बँकेचा माणूस क्वचित पोचतो; दामदुपटीचा एजंट मात्र हमखास पोचतो. शेतजमिनीच्या नावाखाली सुमारे 49 हजार कोटी रुपये गोळा करणाऱ्या पर्ल्स समूहाच्या कंपनीवर 2014 साली सेबीने आदेश काढला, तेव्हा देशभरातील कोट्यवधी लहान गुंतवणूकदार अडकलेले होते. असे लोक फसतात ते जाहिरातीमुळे नव्हे. पैसे मागायला येणारा ओळखीचा असतो: गावचा शिक्षक, भजनी मंडळातला सोबती, नात्यातला जावई. आणि कटू असले तरी लिहिले पाहिजे, कधी कधी तो आपलाच कार्यकर्ता असतो. वर्षानुवर्षांच्या सेवेतून मिळालेली पत कमिशनपोटी गहाण टाकली जाते. पैसा कदाचित कधीतरी परत मिळेल; उडालेला विश्वास परत मिळत नाही, आणि त्याची झळ पुढच्या पिढीतल्या कार्यकर्त्याला पाड्यावर पाऊल टाकताच बसते.

म्हणून आमचे वाचकांना आग्रहाचे सांगणे आहे. दुसऱ्याच्या पैशाविषयी शब्द टाकण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. ही योजना सेबी वा रिझर्व्ह बँकेच्या नोंदीत आहे काय? पैसा नेमका कोठे गुंतवला जातो, हे मला समजते काय? ती चालवणाऱ्यांनी स्वतःचा पैसा तीत घातला आहे काय? आणि समोरच्याने तो गुंतवल्याने मला काय मिळणार आहे, हे मी त्याला तोंडावर सांगू शकतो काय? एका प्रश्नाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर शब्द टाकू नये.

जव्हारच्या माळावरचा शेतकरी अर्थशास्त्र शिकलेला नसतो. पण हाताशी आलेला मोहोर कशासाठी खुडायचा, हे त्याला कळते. त्याची शिल्लक ज्यांच्या शब्दावर कोठे ना कोठे ठेवली जाते, त्या आपणा शिकलेल्यांना ते कळावे, एवढीच अपेक्षा.