पांढरी सोडली, आता तडे मोजा

वैशाखात परभणीजवळच्या आमच्या पिंगळीच्या शिवारात जाऊन उभे राहा. काळ्या रानाला पडलेल्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो. आणि त्याच काळीवर ज्याने घर बांधले, त्याला आपल्या भिंतीला तडा का गेला याचे नवल वाटते! मला संताप येतो तो तड्यापेक्षा या नवलाचा. रान फाटले की आम्ही म्हणतो, जमिनीचा स्वभावच तो. घर फाटले की गवंड्याने सिमेंट खाल्ले म्हणतो. गवंडी गुत्तेदाराकडे बोट दाखवतो. गुत्तेदार म्हणतो, "काळी हाय मालक, तिला कोन काय करनार?" आणि त्याच दमात उरलेले बिल मागतो.

काळीला काय करायचे ते पन्नास वर्षांपूर्वीच ठरून गेले आहे. काळ्या पत्थराची झीज होऊन आपल्याकडे जी चिकणमाती तयार झाली, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी गेले की आकसते. पावसाळ्यात घराच्या कडेची माती भिजून भिंत वर उचलते आणि मधली, छपराखालची माती कोरडीच राहते. उन्हाळ्यात उलट होते : कडेची माती वाळून बसते, मधे ओल टिकून असते. घर दरवर्षी असे वरखाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा, पायऱ्यापायऱ्यांचा तडा निघतो. पावसाळ्यात लोखंडी दारसुद्धा चौकटीत अडकते, तेव्हा लाकूड फुगल्याची सबब चालत नाही. आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही : या मातीत हलके घर जास्त तडकते. तीन मजल्यांचे वजन मातीला दाबून तरी धरते. एकमजली घराला ती सहज उचलते. म्हणजे मार बसतो तो दोन खोल्यांवाल्यालाच.

आमच्या आज्या-पणज्यांना हे खनिज माहीत नव्हते, पण काळीत घर बांधायचे नाही हे पक्के माहीत होते. काळी कसायची, पांढरीवर राहायचे. गावठाण पांढरीवर, गढी पांढऱ्या मातीची, माळवदावरही तीच पांढरी माती. माळवदाचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर असायचा. भिंतीला तडा गेला तरी छप्पर जागेवर राही. (मी जुन्याचे गोडवे गात नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदे अंगावर घेऊन हजारो माणसे गेली. 21 मार्च 2024 ला हिंगोलीकडच्या भूकंपाने परभणीही हलली, तेव्हा आमच्यापैकी कितीजणांनी उठून आपला पाया आठवला?) पण जागा निवडायची अक्कल त्यांना होती. आता पांढरी पुरत नाही, भावाभावांत वाटण्या झाल्या, मान्य. म्हणून कालपर्यंत कापूस उभा असलेल्या रानात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले जातात. विकणारा रस्ता दाखवतो, विजेचा खांब दाखवतो, शाळा किती जवळ ते सांगतो. मुरूम किती फुटांवर लागतो हे त्याला कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

मग घर बांधायला काढले की आधी वास्तूवाला येतो. ईशान्येला देवघर, आग्नेयेला चूल, संडास कुठे नको. त्याची दक्षिणा रोख. मुहूर्ताचा नारळ फुटतो, खड्ड्यात पूजा होते. त्या खड्ड्यातली मूठभर माती तपासायला मात्र कोणी नेत नाही. आणि तपासणी तरी केवढी? चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घ्या, खुणा असलेल्या दोन काचनळ्यांत टाका, एकीत रॉकेल, दुसरीत पाणी, आणि चोवीस तास थांबा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दुप्पट झाला, तर समजा की खाली फार फुगणारी माती आहे. भारतीय मानकात ही चाचणी 1977 पासून आहे. 2015 साली सरकारने शेताच्या मातीला आरोग्यपत्रिका दिली, बारा घटक तपासून. कपाशीखालच्या मातीला पत्रिका, माणसाच्या घराखालच्या मातीला नारळ!

घरकुलाचा हिशेब तर बघण्यासारखा आहे. 2016 मध्ये ग्रामीण आवास योजना आली, तेव्हा किमान 25 चौरस मीटरच्या घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये ठरले. डोंगरावर खर्च जास्त येतो हे दिल्लीला कळले. परभणी सपाट आहे हेही कळले. त्या सपाटीखाली काय आहे ते कळले नाही. हप्ता निघतो फोटोवर. जोत्याचा फोटो येतो. जोत्याखाली किती खोदले ते फोटोत दिसत नाही. जे दिसत नाही त्याला पैसे कशाला, हा हिशेब लाभार्थ्यानेही लगेच शिकून घेतला. दोन-अडीच फूट चर, त्यात डबर, वर विटा, आणि वाचलेल्या पैशांत पुढच्या भिंतीला रंगीत टाइल.

वास्तविक इलाज कागदावर कधीचे तयार आहेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेल्या पाइलचा पाया पुढे आणला. खोल काळीत असा पाइल जमिनीखाली किमान साडेतीन मीटर न्यावा असे मानक सांगते, आणि वरच्या बीमखाली मोकळी फट ठेवायला सांगते, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का नको. मुंबई आयआयटीतल्या प्रा. कट्टींनी न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा जाड थर घालून काळीचे फुगणे आवरता येते हे दाखवले. आमच्या गावावरून मिरखेल-पूर्णेकडे गाड्या धावतात. ती रेल्वेसुद्धा रूळ थेट काळीवर टाकत नाही, भराव घालते. लांब कशाला, सेलू तालुक्यातली वालूरची बारव पाहा. दगडावर दगड बसवून शेकडो वर्षे उभी आहे. आणि आमचा आजचा शहाणा काय करतो? चर खोदून त्यात वाळू भरतो. वाळू फुगत नाही, हे खरे. पण चहूबाजूंनी काळी असलेल्या चरातली वाळू म्हणजे हौद. पावसाचे पाणी त्यात साठते आणि महिनाभर पायाला पाजत राहते. काळी उपसून तिथे मुरूम भरायचा तर तो वीतभर थर टाकून, पाणी मारून, धुमस करून भरायचा असतो. ट्रॉली उलटी केली की भराव झाला, हे फक्त आमच्याकडे.

बरे, पाया चुकलाच असेल, तरी पुढे रोज त्याची वाट कोण लावते? आपणच. गच्चीचा पाइप भिंतीच्या कोपऱ्यात सोडलेला. मोरीचे पाणी न्हाणीमागच्या डबक्यात. नळ आला तसा ड्रम भरून वाहतो, तेही जोत्यालगत. शोषखड्डा घ्या म्हटले की भिंतीपासून हातभर अंतरावर खणतात, कारण पाइप कमी लागतो! घराच्या एका बाजूला बारमाही ओल आणि दुसऱ्या बाजूला वैशाखातली कोरड, यापेक्षा वाईट काळीत काही नाही. सभोवार चार-पाच फूट रुंद, बाहेर उतार असलेला कोबा करा. गच्चीचे पाणी पाइपाने लांब न्या. पिंपळ-वडाचे रोप भिंतीत दिसले तर मुळासकट काढा. यातले एकही काम गृहप्रवेशाच्या जेवणावळीइतके महाग नाही. पण दिवाळी आली की आपण तडा पुट्टीने बुजवतो आणि वर रंग मारतो. तड्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून वर्षभर बघा. फुटली तर भेग अजून चालू आहे. तोवर पुट्टीवर घातलेले पैसे पाण्यात.

आणि ग्रामपंचायत! गल्लीत सिमेंटचा रस्ता आला की जुना न खोदता त्याच्यावरच नवा थर. दोन-तीन सरपंच बदलेपर्यंत रस्ता उंबऱ्याच्या बरोबरीला येतो आणि पावसाचे पाणी नालीत जायचे ते ओसरीत शिरते. नाली असलीच तर तिला उतार नसतो. उतार काढायला लेव्हल घ्यावी लागते, आणि लेव्हलचे बिल निघत नाही. सत्काराच्या फोटोत मात्र रस्ता छान चकाकतो. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणून मिरवायला आम्ही पुढे, नालीच्या उताराचे नाव काढले की चिडीचूप.

1 मे ला ग्रामसभा असते, पावसाच्या महिनाभर आधी. त्या दिवशी हजेरीच्या वहीत सही करून परत फिरू नका. बसा, आणि विचारा : नव्या रस्त्याची पातळी कोणी ठरवली, जुना थर का नाही खोदला, नालीचा उतार कुठून कुठे आहे, आणि घरकुलाच्या पायाची खोली मोजायला कोण आले होते? उत्तर 'बघू' असे आले तर ते तसेच्या तसे इतिवृत्तात लिहून घ्या.